तिसऱ्या फेरीनंतर काय? अमॅच्युअर बॉक्सरने प्रो कधी व्हावं

तुझा प्रश्न असा: वय २२, वजनगट ६५ किलो, राज्य स्पर्धेत दोन सुवर्णपदकं, राष्ट्रीय स्पर्धेत उपांत्यपूर्व फेरीपर्यंत मजल. घरचे सरकारी नोकरभरतीच्या मागे लागलेत आणि एका आयोजकाने पाच वर्षांचा व्यावसायिक करार पुढ्यात ठेवलाय. सही करू का?

आत्ता करू नकोस. निदान दीड-दोन वर्षं तरी नको. बावीस वर्षं मी पोरांना बॉक्सिंग शिकवतोय आणि त्यातली गेली आठ-नऊ वर्षं प्रो, म्हणजे व्यावसायिक, लढतींच्या कॉर्नरमध्येही (रिंगच्या कोपऱ्यात, बॉक्सरच्या बाजूला) उभा राहतोय. प्रो बॉक्सिंगबद्दल माझ्या मनात अढी नाही, उलट जीव आहे. पण अमॅच्युअरमधून प्रो होणं म्हणजे दहावीतून अकरावीत जाणं, असं पोरांच्या डोक्यात असतं आणि तिथेच घात होतो. काय होतं ते एका लढतीवरून सांगतो.

माझा एक मुलगा होता, जवळपास तुझ्याच वजनाचा. अमॅच्युअरमध्ये शंभराच्या वर लढती खेळलेला. पहिली प्रो लढत चार फेऱ्यांची होती. पहिल्या दोन फेऱ्या त्याने सहज काढल्या: जॅब (पुढच्या हाताचा सरळ ठोसा), जॅब, उजवा, बाहेर. तिसरी त्याने जीव तोडून मारली, कारण तिसरीत जीव तोडायचा असतो हे मीच त्याला दहा वर्षं शिकवलं होतं. घंटा झाली, तो कॉर्नरला आला, पण स्टुलावर बसला नाही. उभ्यानेच दोन्ही हात माझ्यापुढे केले. ग्लोव्ह्ज काढायला! इतक्या वर्षांची सवय होती ती. तिसरी फेरी झाली की कॉर्नरला यायचं आणि हात पुढे करायचे. मी म्हटलं, "बस रे, अजून एक आहे." तेव्हाची त्याची नजर मला आजही दिसते. चार फेऱ्या आहेत हे त्याच्या डोक्याला ठाऊक होतं, पण अंगाने दुकान बंद केलं होतं. चौथ्या फेरीत तो तीन मिनिटं नुसता दोरांना टेकून राहिला. आधीच्या तीन फेऱ्यांच्या पुण्याईवर लढत वाचली, पण उतरताना तो म्हणाला, "सर, ही सहाची असती तर मी गेलो होतो." आणि ते खरं होतं.

तू कोल्हापूरकडचा आहेस, म्हणून कुस्तीतून सांगतो. मॅटवर सहा मिनिटांत गुणांचा हिशोब असतो. तिथे चपळाई लागते, पहिला गुण कोण घेतो याला किंमत असते. मातीत निकाली कुस्ती लागली की पैलवान खडाखडीत दम काढतो, मानेवर वजन टाकून समोरच्याला थकवतो आणि मग डाव टाकतो. दोन्ही कुस्त्याच आहेत, पण मॅटवरचा चांगला मल्ल मातीत उतरल्यावर पहिले काही महिने चाचपडतो. बॉक्सिंगमध्ये हाच फरक आहे. अमॅच्युअरमध्ये तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या. प्रोमध्ये चारपासून सुरुवात, मग सहा, आठ, दहा आणि जागतिक विजेतेपदाला बारा. एके काळी पंधरा होत्या. १९८२ साली लास वेगासला रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत पडलेला कोरियाचा किम दुक-कू काही दिवसांनी वारला. त्यानंतर आधी डब्ल्यूबीसी या प्रो संघटनेने आणि मग बाकीच्या संघटनांनी पंधराच्या बारा केल्या. या खेळात फेरी वाढते म्हणजे काय वाढतं, हे त्यावरून समजून घे.

फेऱ्या वाढल्या की दम वाढवायचा, एवढंच तुला वाटत असेल. दम हा त्यातला सोपा भाग. वर्षभर नेटाने केलं की रस्त्यावरची धाव, दोरी आणि बॅगच्या फेऱ्या यांतून तो येतो. अवघड आहे ते हात बदलणं. माझ्या पिढीच्या प्रशिक्षकांनी पोरं घडवली ती कॉम्प्युटर स्कोअरिंगच्या काळात. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये रॉय जोन्सला अंतिम लढतीत उघड उघड हरवलं गेलं, त्यावर गदारोळ झाला आणि १९९२ च्या ऑलिंपिकपासून जजेसच्या हातात बटणं आली. साधारण एका सेकंदाच्या आत पुरेशा जजेसनी बटण दाबलं तर गुण. मग आम्ही काय शिकवणार? डोक्यावर दिसणारा, स्वच्छ, सरळ ठोसा मार आणि निसट. बरगडीवरचा ठोसा कितीही कळवळून टाकणारा असला तरी तो कोणाला दिसत नसे, त्याला गुण मिळत नसे. २०१३ ला ती पद्धत गेली, प्रोसारखी दहा गुणांची पद्धत (फेरी जिंकणाऱ्याला दहा, हरणाऱ्याला नऊ किंवा कमी) आली, पुरुषांच्या वरिष्ठ गटातलं हेडगार्डही गेलं. म्हणजे कागदावर अमॅच्युअर बॉक्सिंग प्रोच्या जवळ आलं. पण तुला शिकवणाऱ्याचे हात त्या जुन्या काळातलेच आहेत, आणि तुझ्या अंगात ते उतरलेत. तुझ्या लढतीचा व्हिडिओ काढून बघ. एका फेरीत पोटावर, बरगडीवर किती ठोसे मारतोस ते मोज. दहाच्या खाली आकडा आला तर प्रोमध्ये समोरचा तुला पहिल्या फेरीतच ओळखेल.

प्रोमध्ये पोटावरच्या माऱ्याचं फळ उशिरा मिळतं. दुसऱ्या फेरीत उजव्या बरगडीखाली, यकृतावर, डाव्या हाताने मारलेला हुक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) सहाव्या फेरीत काम करतो. समोरच्याचा कोपर खाली येतो, कोपर खाली आला की हनुवटी उघडी पडते. हे धीराचं काम आहे, आणि तीन फेऱ्यांच्या खेळात धीर शिकायला वेळच नसतो. ग्लोव्हही बदलतात. अमॅच्युअरमध्ये तू १० किंवा १२ औंसांचे घालतोस. प्रोमध्ये १४७ पौंडांपर्यंत ८ औंसांचे, त्यावर १० चे. आत बँडेज नसतं, गॉज (विरळ सुती कापड) आणि टेप असते. पहिल्यांदा कोणाच्या हाताला गॉज बांधताना बघशील तेव्हा नीट बघ: बोटांच्या पेरांवर गादी, मग मनगटाला आडवे फेरे, मग बोटांच्या मधून टेपच्या पातळ पट्ट्या. समोरच्याच्या कॉर्नरचा माणूस शेजारी उभा राहून सगळं बघत असतो. बांधून झालं की अधिकारी त्या टेपवर पेनाने सही करतो. त्यावर ग्लोव्ह चढला की मूठ दगडासारखी होते. अमॅच्युअरमध्ये ज्या ठोशावर तू नुसती मान झटकून पुढे जायचास, तोच ठोसा इथे गुडघे सोडवतो.

आता वजन. यावर मी जास्त बोलणार, कारण माझ्या मते तुझ्या करारातला सगळ्यात मोठा खड्डा हाच आहे. अमॅच्युअर स्पर्धेत ज्या दिवशी लढत त्याच सकाळी वजन होतं. तुला ६५ च्या आसपास राहूनच जगायची सवय लागलेली असते. प्रोमध्ये वजन आदल्या दिवशी. मध्ये चोवीस तास, कधी जास्त. या वेळात सुकवून आणलेला माणूस पाणी, मीठ, भात खाऊन पाच-सहा किलो परत चढवतो. आता तुझा गट बघ: १४० पौंड म्हणजे साडेत्रेसष्ट किलो, १४७ पौंड म्हणजे ६६.७ किलो. तुझे ६५ बरोबर मध्ये अडकतात. आयोजक तुला १४७ मध्ये घालू म्हणतोय, कारण वजन उतरवायची कटकट नाही. पण तिथे समोर येणारा मुळात ७२-७३ किलोचा असेल. माझ्या एका मुलाच्या बाबतीत हे झालंय. वजनकाट्यावर दोघं सारखे, दुसऱ्या दिवशी रिंगमध्ये समोरचा भिंतीसारखा उभा. आयोजकाला विचारलं तर म्हणाला, काट्यावर बसला ना? बसला होता. माझ्या मुलाचा जबडा मात्र आठवडाभर दुखत होता.

याला उलट टोकाचा उपाय म्हणून तू १३५ पर्यंत सुकवत बसू नकोस. सुकलेल्या अंगाने डोक्यावर ठोसे खाणं यापेक्षा धोक्याची गोष्ट या खेळात नाही. तुझी जागा १४० आहे आणि तिथे तू दीड किलो आहार नीट करून, सहा आठवड्यांत, पाणी न तोडता यायला हवंस. ते जमतंय का हे सहीच्या आधी एकदा करून बघ.

विजेंदर सिंगची हीच अडचण होती, ती बघण्यासारखी आहे. बीजिंगला २००८ साली ७५ किलो गटात कांस्य, भारतीय बॉक्सिंगचं पहिलं ऑलिंपिक पदक. प्रोमध्ये १६० पौंड म्हणजे साडेबहात्तर किलो आणि १६८ म्हणजे ७६.२. तो १६८ मध्ये, सुपर मिडलवेटमध्ये गेला. ते बरोबरच केलं. आणि त्याने दुसरी गोष्टही बरोबर केली: तो घर सोडून मँचेस्टरला जाऊन राहिला आणि तिथे ली बियर्डकडे नव्याने शिकला. ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिली लढत, चार फेऱ्यांची. नंतरच्या सात महिन्यांत आणखी पाच लढती. सहाही लढती वेळेआधी संपवल्या. सातवी जुलै २०१६ मध्ये दिल्लीच्या त्यागराज स्टेडियममध्ये, केरी होपविरुद्ध, दहा फेऱ्यांची, डब्ल्यूबीओ या प्रो संघटनेच्या आशिया पॅसिफिक किताबासाठी. त्या रात्री तो पहिल्यांदा पूर्ण दहा फेऱ्या लढला. सहाव्या फेरीनंतर त्याचे पाय जड झाले होते, पण जॅब थांबला नाही. प्रो म्हणून तो तिथे घडला, असं मला वाटतं.

पण वय? पदार्पणाच्या वेळी तो तिशीला टेकला होता. त्याच्या पिढीचा अखिल कुमार, ज्याचा हात खाली सोडून लढण्याचा बिनधास्तपणा बघत आमची पोरं वाढली, तो पहिल्यांदा प्रो म्हणून उतरला तेव्हा ३६ वर्षांचा होता. ५ ऑगस्ट २०१७, वरळीचा एनएससीआय डोम. त्याच रात्री विजेंदरने चीनच्या झुल्पिकार मैमैतियालीला हरवून डब्ल्यूबीओ ओरिएंटल किताब घेतला. दहा फेऱ्या, अगदी थोड्या फरकाने. मुंबईत एवढा मोठा प्रो मुकाबला होतोय म्हणून माझ्या क्लबातली पोरं हरखून गेली होती आणि मीही. मात्र नंतर काय झालं तेही लक्षात घे. विजेंदर डिसेंबर २०१७ ला जयपूरला लढला, त्यानंतरची लढत थेट जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत नेवार्कला. मध्ये दीड वर्षाहून जास्त काळ रिकामा. नोव्हेंबर २०१९ ला दुबईत जिंकला आणि मग पुन्हा सोळा महिन्यांचा खंड, त्यात करोनाही होता. मार्च २०२१ मध्ये गोव्यात, पणजीला मांडवीतल्या कॅसिनो जहाजाच्या गच्चीवर, आर्तिश लोप्सान नावाच्या उंच, तरुण रशियन मुलाने त्याला पाचव्या फेरीत थांबवलं. प्रोमधला पहिला पराभव. हुशारी गेली नव्हती, ठोसाही गेला नव्हता. ठोसा येताना दिसणं आणि मान हलणं, यात जो क्षण असतो तो लांबला होता. तो क्षण फक्त सतत लढत राहिल्याने आखूड राहतो, बॅग मारून नाही.

म्हणून करारात पहिली ओळ शोध ती ही: वर्षाला किमान किती लढती? तुझ्या वयाच्या, नव्या प्रो बॉक्सरला पहिल्या दोन वर्षांत वर्षाला पाच-सहा लढती हव्यात. "उपलब्धतेनुसार" असं लिहिलं असेल तर तो कागद परत कर. आपल्याकडे प्रो कार्यक्रम लागोपाठ होत नाहीत. आज जाहीर झालेला कार्यक्रम दोनदा पुढे ढकलला जातो. आणि पाच वर्षं तू दुसऱ्या कोणाकडे लढायचं नाही, असं कलम असेल तर तू घरी बसशील आणि करार मात्र चालू राहील. माझ्याकडच्या एकाची तीन वर्षं अशीच गेली. चोवीसचा होता, सत्तावीसचा झाला. लढती दोन.

दुसरी गोष्ट, मॅनेजर आणि प्रमोटर (म्हणजे आयोजक) एकच माणूस आहे का बघ. मॅनेजरचं काम तुला जास्तीत जास्त पैसे आणि योग्य प्रतिस्पर्धी मिळवून देणं. प्रमोटरचं काम कार्यक्रम कमी खर्चात भरवणं. हे दोघे एकमेकांच्या समोर बसायला हवेत. एकच माणूस दोन्ही खुर्च्यांवर बसला तर तुझ्या बाजूने कोण बोलणार? अमेरिकेने यासाठी २००० साली महंमद अलीच्या नावाने कायदाच केला आणि मोठ्या लढतींत एकाच माणसाला दोन्ही भूमिका करायला मनाई केली. आपल्याकडे तसा कायदा नाही, म्हणून डोळे तुझेच उघडे हवेत. एमआरआय, डोळ्यांची आणि रक्ताची तपासणी यांचा खर्च कोणाचा, जखमी झालास तर उपचार कोणाचे, हेही लेखी घे. तोंडी शब्दावर विसंबू नकोस. आणि करार इंग्रजीत असेल तर वकिलाकडून मराठीत समजावून घेतल्याशिवाय पेनाला हात लावू नकोस. लाजण्यासारखं यात काही नाही.

प्रतिस्पर्ध्यांबद्दल थोडं. सुरुवातीला तुला सोपे प्रतिस्पर्धी देतील. त्यात गैर काही नाही, जगभर असंच होतं. चांगला मॅचमेकर, म्हणजे जोड्या लावणारा माणूस, दर लढतीला एक नवा प्रश्न समोर उभा करतो: एकदा डावखुरा, एकदा ठेंगणा आणि अंगावर येणारा, एकदा पन्नास लढती हरलेला पण कधीच न पडलेला जुना माणूस. या शेवटच्याकडून जेवढं शिकायला मिळतं तेवढं कोणाकडूनच नाही. वाईट मॅचमेकर फक्त पडायला आलेली माणसं आणतो. आठ विजय, आठ नॉकआउट, असा आकडा दिसतो छान, पण नवव्या वेळी कोणी खरा लढायला आला की सगळं उघडं पडतं.

हे फक्त सामान्य पोरांना लागू आहे असं समजू नकोस. युक्रेनचा वासिल लोमाचेंको, अमॅच्युअरमध्ये ३९६ विजय, एक पराभव, ऑलिंपिकची दोन सुवर्णं. दुसऱ्याच प्रो लढतीत, मार्च २०१४ मध्ये, तो थेट जागतिक किताबाला उतरला. समोर मेक्सिकोचा ओर्लांडो सालिदो, डझनभर पराभव झेललेला, वजनही पूर्ण न उतरवलेला. सालिदो त्याला चिकटला, अंगावर वजन टाकलं, पोटावर मारत राहिला, बेल्टखालीही मारलं, आणि निसटता निकाल सालिदोच्या बाजूने गेला. जगातला सगळ्यात देखणा अमॅच्युअर बॉक्सर क्लिंचमध्ये, म्हणजे समोरच्याने मिठी मारून धरल्यावर, काय करायचं ते तोवर शिकला नव्हता. तीनच महिन्यांनी तो गॅरी रसेलला हरवून विजेता झाला, पण तो लोमाचेंको होता. तू आणि मी साधी माणसं आहोत, आपण टप्प्याटप्प्याने जायचं.

आता घरच्यांचा मुद्दा. त्यांना चुकीचं ठरवू नकोस. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. सेनादल, रेल्वे, पोलीस यांचे बॉक्सिंग संघ आहेत. पुण्याच्या आर्मी स्पोर्ट्स इन्स्टिट्यूटमध्ये जाऊन एकदा नुसता सराव बघून ये. तुझ्या वजनाची दहा-बारा पोरं रोज एकमेकांशी स्पारिंग, म्हणजे सरावाची लढत, करताना दिसतील. तुझ्या क्लबात तुला बरोबरीचे किती आहेत? दोन? रोजचं चांगलं स्पारिंग हेच तुला आत्ता पैशापेक्षा जास्त हवंय, आणि ते नोकरीच्या संघात फुकट मिळतं. मात्र एक आधीच विचारून ठेव: नोकरीत असताना पैसे घेऊन लढायचं तर खात्याची परवानगी लागते, ती मिळेलच असं नाही.

शिवाय ऑलिंपिक. मधली काही वर्षं बॉक्सिंग राहतं की जातं अशी धास्ती होती. २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने जुन्या महासंघाची मान्यता काढली, वर्ल्ड बॉक्सिंग ही नवी संघटना उभी राहिली आणि २०२५ मध्ये २०२८ च्या लॉस एंजेलिससाठी बॉक्सिंग नक्की झालं. तू तेव्हा २४-२५ चा असशील. राष्ट्रीय शिबिरापर्यंत पोचलास तरी तुझी किंमत करारात दुप्पट होते. निशांत देव बघ: पॅरिसला २०२४ मध्ये उपांत्यपूर्व फेरीत मेक्सिकोच्या मार्को वेर्देकडून हरला, पदक हुकलं, पण जानेवारी २०२५ मध्ये मॅचरूमसारख्या मोठ्या आयोजक कंपनीतर्फे लास वेगासमध्ये पदार्पण केलं आणि पहिल्याच फेरीत जिंकला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता. मला विचारशील तर हेच वय योग्य. आणि एकदा प्रो होऊन परत येऊ, असा हिशोब करू नकोस. विकास कृष्णन अमेरिकेत दोन प्रो लढती जिंकून परत आला आणि टोकियोला खेळला, हे खरं. पण तो आधीच दोनदा ऑलिंपिक खेळलेला होता आणि परतीची दारं त्या त्या वेळच्या महासंघाच्या नियमांवर उघडतात किंवा बंद होतात.

तर तूर्त हे कर. आयोजकाला नम्रपणे सांग, राष्ट्रीय स्पर्धेनंतर बोलू. खरंच हवा असशील तर तो थांबेल. तोवर आठवड्यातून दोनदा डाव्या हुकवर काम कर, फक्त बरगडीवर, बॅगवर नाही, बॉडी प्रोटेक्टर घातलेल्या माणसावर. क्लिंच मोकळा करायला एखाद्या पैलवानाबरोबर मानेची झटापट कर. कोल्हापुरात पैलवान शोधावे लागत नाहीत.

आणि दोन महिन्यांनी एक परीक्षा घे. सहा फेऱ्यांचं स्पारिंग, तीन वेगळे जोडीदार, प्रत्येकी दोन फेऱ्या. म्हणजे पाचव्या फेरीला समोर येणारा ताजातवाना असेल. डोक्याला हेडगार्ड, १६ औंसांचे ग्लोव्ह, कोणीतरी जाणता माणूस घड्याळ धरून आणि थांबवायच्या तयारीत. सगळं मोबाईलवर काढ. पहिल्या चार फेऱ्या मला बघायच्या नाहीत. पाचव्या फेरीत जॅब मारून परत येताना तुझा डावा हात खांद्यापर्यंत येतो की कमरेपर्यंत पडतो, आणि उजवा हनुवटीपाशी राहतो की नाही, तेवढा तुकडा पाठव. करार त्यानंतर घेऊन ये, एकत्र बसून वाचू.